मुठीतली कॉइल

माझ्या साडूचा मला अजून राग आहे. माणूस पिकला की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही. लग्नकार्यात आम्ही शेजारी बसतो. तो माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मी त्याच्या शुगरची. पण त्याचं तोंड बघितलं की मला वार्निश लावलेल्या तांब्याच्या तारेचा वास येतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नव्वदच्या दशकात त्याचा मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता आणि माझं राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. त्याचे ॲम्प्लिफायर जळले की माझ्याकडे यायचे. त्याला चारचौघांत बोलायला आवडायचं, मला डब्याचं झाकण उघडून आत बघायला. जोडी जमण्यासारखी होती. दोन्ही जावई एका धंद्यात म्हणून सासऱ्यांनाही कौतुक. कागदबिगद काही केला नाही. घरातल्या घरात कसला कागद, असं तोच म्हणाला होता.

आमच्याकडच्या कुस्ती मैदानात निवेदक एका जागी उभा राहत नाही. तो हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेनं फिरतो, पैलवानाजवळ जाऊन त्याच्या वस्तादाचं नाव घेतो, मध्येच हलगीवाल्याला गप्प करतो. तेव्हा त्याच्या मागं माइकची वायर फिरायची आणि वायर उचलून धरायला एक माणूस. एका मैदानात पैलवानानं एकलंगीचा डाव भरायला आणि वायर त्याच्या पायात यायला एकच गाठ पडली. कुस्ती सोडवावी लागली. लोकांनी स्पीकरवाल्याला, म्हणजे माझ्या साडूला, अशा शिव्या घातल्या की त्याच्या कानातून धूर निघाला असेल. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, "पावणं, बिनवायरचा माइक करा की."

बाहेरचे माइक मिळायचे, पण ते हॉलमध्ये गाणाऱ्यांसाठी केलेले. आमच्या माळावर ते दम टाकायचे. म्हणून मी घरीच खटपट सुरू केली.

बिनवायरच्या माइकचा सगळा जीव शेपटीत, म्हणजे बुडातल्या एरियलमध्ये असतो. आवाज लांब फेकायचा तर तिथं लांबच लांब तार सोडायला पाहिजे, पण निवेदकाच्या हातातून तार लोंबायला लागली तर मैदान हसेल. म्हणून ती तार स्प्रिंगसारखी गुंडाळायची, तिची कॉइल करायची आणि माइकच्या बुडातल्या बोटभर नळीत बसवायची. कॉइलचे वेढे आवळले की तिचा सूर उतरतो, ताणले की चढतो. माइकचा सूर आणि कॉइलचा सूर जुळला तर आवाज मैदान ओलांडून जातो, नाही जुळला तर जागच्या जागी विरतो. झोपाळ्याला बरोबर वेळी धक्का दिला तरच तो वर चढतो, तसंच हे.

किती जोर बाहेर पडतोय ते बघायला मी एक डबा केला होता, त्यावर एक सुई. माइक टेबलावर ठेवायचा आणि बांबूच्या काडीनं वेढे सरकवत सरकवत सुई पार उजवीकडं न्यायची. लोखंडी पेचकस जवळ आणला तरी सूर बिघडतो, म्हणून बांबूची काडी. पहिल्या माइकची सुई मी अशी उजवीकडं नेली आणि छाती काढून मैदानात गेलो. निवेदकानं माइक हातात घेतला आणि आवाज खर्रकन गेला. बॅटऱ्या बदलून मी दमलो, लोक ओरडून दमले. साडू लांब जाऊन उभा राहिला, जसा काही तो मला ओळखतच नव्हता.

कोडं सुटलं ते माझ्या बायकोमुळं. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होतो, आजही सांगतो. रविवारी मी गच्चीवर रेडिओ घेऊन बसायचो आणि ती माइक घेऊन गल्लीतून चालत जायची. काय बोलायचं म्हणून भाज्यांची नावं घ्यायची. वांगी, दोडका, गवार, परत वांगी. आवाज आला की मी टॉवेल हलवायचो, गेला की टॉवेल खाली. शेजारणी दारात येऊन बघायच्या, की ही बाई वांग्याचं कुणाला सांगत चाललीय. एका रविवारी ती कोपऱ्यावरून तणतणत परत आली.

"मी दमलो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात. "आता ऐका माझं. शेपटी सोडली की तुमचा टॉवेल हलतोय, शेपटी धरली की पडतोय. माझा हातच बाधतोय तिला. आन् तुमचा निवेदक तर बुडाला धरून मूठच आवळतोय."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या धंद्यात झाकली मूठ म्हणजे आवाज बंद. माणसाचा हात कॉइलजवळ आला की कॉइलचा सूर खाली उतरतो. मग तो आधीच चढवून ठेवायला पाहिजे. म्हणजे कॉइल थोडी ताणून बसवायची. टेबलावर ती चुकीची दिसते, सुई अर्ध्यावरच रेंगाळते. पण मूठ आवळली की सूर उतरून नेमका जागेवर येतो आणि सुई उजवीकडं पळते. बायको माइक धरून मूठ आवळून बसायची आणि मी वेढे सरकवायचो. निवेदकाच्या मनगटात चांदीचं कडं असतं, धातूनंही फरक पडतो, म्हणून तिनं माझ्या आईचं कडं ट्रंकेतून काढून हातात घातलं आणि मग कॉइल पक्की केली. पुढच्या मैदानात निवेदकानं जितकी मूठ आवळली तितका आवाज खणखणीत आला. त्या दिवशी साडू माझ्या खांद्यावर हात टाकून सगळीकडं हिंडला.

मग आमचे माइक जत्रेजत्रेत वाजायला लागले. मी करायचो, तो विकायचा. दोन हजार साल उलटल्यावर त्यानं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शेड घेतली. "आपण मोठ्यानं करू," म्हणाला. 'आपण' म्हणाला, हे मी विसरलेलो नाही. जुळवलेल्या कॉइलींचा डबा नमुन्याला म्हणून घेऊन गेला. त्यानंतर त्याचं दुकानाकडं येणं कमी झालं, मग बंद झालं. शेडवर बोर्ड लागला तो मला तिसऱ्याच माणसाकडून कळला.

अधिक महिन्यात सासऱ्यांनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. सासुरवाडी कागलजवळच्याच एका गावात. पंगत बसली. साडूनं पिशवीतून गुळगुळीत कागदाची जाहिरात काढून सगळ्यांना वाटली. त्यावर त्याचा सफारी घातलेला फोटो, दोन बोटांत माझी कॉइल, आणि खाली छापलेलं, की हा माइक त्याच्या स्वतःच्या संशोधनातून तयार झालाय. सासरे तो कागद आल्यागेल्याला दाखवत होते. "आमच्या थोरल्या जावयानं शोध लावलाय," म्हणत होते. माझ्या पानातला पुरणाचा धोंडा मला खरोखरच दगडासारखा लागायला लागला.

"मामा," मी म्हणालो, "ही कॉइल मी केलीया. मी आन् तुमच्या धाकट्या लेकीनं."

सासऱ्यांनी हात हलवला. "जावईबापू, घरातलंच हाय की सगळं. ह्यानं केलं काय, त्यानं केलं काय. जेवताना वाद नको."

आणि साडू, पुरण चावत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "पावण्यांनी तार गुंडाळली, व्हय. ते मी न्हाय म्हणत न्हाय. पण डिझाईन येगळं असतंय."

बायको तुपाचं भांडं घेऊन वाढत होती. ती त्याच्या पानापाशी आली, थांबली आणि तशीच पुढं गेली. त्या दिवशी थोरल्या जावयाच्या पानात तूप पडलं नाही. तिनं तिच्या परीनं सुरुवात केली होती. मी मात्र तिथंच ठरवलं. मला त्याची शेड नको होती, हिस्सा नको होता. ज्या तोंडानं तो हे बोलला त्याच तोंडानं, ह्याच गावात, ह्याच सासऱ्यासमोर त्यानं ते परत गिळलं पाहिजे होतं. त्यापेक्षा कमी काही मला चालणार नव्हतं. त्या दिवसापासून जेवताना, झोपताना, दुकानाचं शटर वर करताना माझ्या डोक्यात तेवढंच चालू असायचं.

संधी त्यानंच आणून दिली. एका दुपारी गाडी दुकानासमोर लावून आत आला. हातात माझी कॉइल.

"पावणं, नवीन मशिन आणलंय शेडवर," तो म्हणाला. "माइक स्टँडात लावायचा, मशिन पडद्यावर सूर दाखवतंय. तुमची कॉइल चुकीची दाखवतंय. वेढे ताणल्यात. ह्यात काय खास हाय का?"

त्याच्या शेडमध्ये माइक स्टँडात उभे राहत होते. तिथं मूठ नव्हती. तो स्वतः माइक धरायचा तोही दोन बोटांनी, मानेला, गाणाऱ्या बाईसारखा. मुठीची गोष्ट मी त्याला पूर्वी हजारदा सांगितली असेल, पण मी बोलायला लागलो की त्याचं लक्ष दाराबाहेर असायचं. माझ्या जिभेवर एक झकास थाप आली होती. ती मी गिळली. हा चोर आहे, मी मनात म्हटलं, आणि चोराला फुकट दिलेली वस्तू कधी खरी वाटत नाही.

म्हणून मी त्याला खरं सांगितलं. सगळं. "पावणं, जशी हाय तशीच करा. एक वेढाबी आवळू नका. टेबलावर चुकीचीच दिसणार ती. मुठीत बरोबर येतीया. मशिनचं ऐकू नका."

तो हसला. "मशिनचं ऐकू नको, तुमचं ऐकू?"

"हात जोडतो, पावणं," मी म्हणालो आणि खरंच हात जोडले. "आवळू नका. मैदानात फजिती व्हईल."

मी जसजशी विनवणी करत गेलो तसतसे त्याचे डोळे बारीक होत गेले. चोराच्या मनात चांदणं असतं. आपण ह्याला फसवलं, म्हणजे हा आपल्याला फसवणारच, असा त्याचा सरळ हिशेब. "मला खुळा समजता व्हय?" तो म्हणाला. "जाणूनबुजून चुकीची कॉइल गळ्यात मारलीसा, आन् वरनं हात जोडताय. लई हुशार हायसा." गाडी वळवताना त्यानं हॉर्न उगीचच मोठ्यानं वाजवला. मी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नाही.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"खरं सांगितलंसा?" तिनं विचारलं.

"शब्द न् शब्द."

ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

तिच्या माहेरची जत्रा आली. जत्रेचं कुस्ती मैदान सासऱ्यांच्या हातात, ते कमिटीचे मुख्य. त्या वर्षी कागलच्या शेडमधला माइक पहिल्यांदा मैदानात यायचा होता. साडूला फेटा बांधला, नारळ दिला. सासऱ्यांनी परत तेच सांगितलं, आता तर स्पीकरवरून, की थोरल्या जावयाच्या शोधाचा हा माइक. मी खाली, लोकांत, मांडी घालून बसलो होतो. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत आमचा जुना माइक आणि त्याला जुळणारा रेडिओचा डबा. बायकोनं नवी बॅटरी आठवणीनं घातली होती.

लहान पोरांच्या कुस्त्यांना निवेदक व्यासपीठाजवळच उभा होता. तिथवर आवाज बरा येत होता. शेडमध्येही तो असाच बरा येत असणार, जवळच्या जवळ. मग मोठ्या कुस्त्या लागल्या. मैदान गच्च भरलं, निवेदक हौद्याच्या पलीकडं गेला, रंगात आला आणि त्यानं मूठ आवळली.

खर्र.

"आवाज कुठं गेला? कागलला?" मागून कोणीतरी ओरडलं. मैदान हसलं. निवेदक व्यासपीठाकडं धावत आला, बॅटरी बदलली, माइक टेबलावर ठेवूनच 'हॅलो' म्हटलं. लख्ख आवाज. उचलून पलीकडं गेला की परत खर्र. साडू फेटा सावरत त्याच्या मागं पळत होता. "वर धरा, वर! दोन बोटांनी!"

"मी कुस्ती सांगू का तुमचा माइक धरू?" निवेदक भडकला. रागात त्याची मूठ सैल पडली आणि नेमकं तेवढं वाक्य स्पीकरवर स्पष्ट आलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. आणखी दोन माइक आणले. एकाच शेडचे, एकाच मशिनवर आवळलेले. ते वेगळं काय करणार होते?

शेवटची, निकाली कुस्ती लागायची होती. पैलवान अंगाला माती लावून उभे, हलगी कडकडतेय आणि निवेदक मुका. वायरचा माइक कोणी आणलाच नव्हता, नव्याची एवढी ऐट. सासरे घामाघूम होऊन लोकांतून वाट काढत माझ्यापर्यंत आले.

"जावईबापू, तुमच्याकडं एखादा हाय का?"

"हाय की, मामा." मी पिशवीवर हात ठेवला. "पण पहिलं ह्यांनी बोलायचं त्यात. कॉइल कुणी केली ते सांगायचं. मग निवेदकाला देतो."

"आत्ता? ही काय येळ हाय?"

"धोंड्याच्या जेवणाला येळ नव्हती, मामा. आत्ता हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मैदानाकडं, मग थोरल्या जावयाकडं. गाव शिट्ट्या मारत होतं. सासऱ्यांनी साडूचा दंड धरून त्याला माझ्यासमोर आणून उभा केला. मी डबा ॲम्प्लिफायरला जोडला आणि माइक त्याच्या हातात दिला.

"मंडळी," तो म्हणाला, "ह्या कामात आमच्या साडूंनीबी थोडी मदत..."

मी डब्याच्या बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. निवेदकानं ते बघितलं. त्याचीही दिवसभर शोभा झाली होती, तो काही सोडणार नव्हता. "पावणं, नीट सांगा की," तो म्हणाला. "मैदान थांबलंय."

साडूच्या मानेची शीर फुगली. रागानं त्यानं माइकच्या बुडाला अशी मूठ आवळली की बोटं पांढरी पडली. आणि त्या मुठीतून, माझ्या कॉइलमधून, त्याचा आवाज सगळ्या मैदानावर, देवळावर बांधलेल्या कर्ण्यांवर आणि गावाच्या घराघरांवर गेला.

"ही कॉइल माझ्या साडूनं केली. साडूनं आन् माझ्या धाकट्या मेहुणीनं. मी न्हाय."

एक अक्षर गळलं नाही. चोराची मूठ होती, पण कॉइलला काय त्याचं? तिला मूठ पाहिजे होती, ती मिळाली. मी त्याच्या हातातून माइक काढून घेतला तेव्हा तो घामानं ओला झाला होता. धोतराच्या सोग्यानं पुसून निवेदकाला दिला. मला वाईट वाटलं का, असं मागं एकानं मला विचारलं. अजिबात नाही. मी ती निकाली कुस्ती इतक्या आनंदानं बघितली की कोण जिंकलं हे आज आठवत नाही.

पुढं त्याला शेडमधली सगळी खेप उकलावी लागली. जरा येऊन कॉइली लावून द्या, असा निरोप आला. जे हात जोडून सांगितलं होतं तेच आहे, नवीन काही नाही, असं मी उलट कळवलं. पण हे नंतरचं.

त्या संध्याकाळी मी सासुरवाडीच्या घरी पोचलो तेव्हा आत जत्रेचं मटण शिजत होतं. दोघी बहिणी स्वयंपाकघरात होत्या. थोरली खाली मान घालून कांदा चिरत होती, मी आलो तरी तिनं वर बघितलं नाही. बायको मिक्सरपाशी उभी होती. मी दारातूनच विचारलं, "ऐकलंस का?"

"कुठलं ऐकाय?" ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "नेमकं तवाच खोबरं वाटत हुतो. मिक्सर बंद केला तर 'मी न्हाय' एवढंच कानावर आलं. माझं नाव आलं म्हणं, तेच गेलं की वो." तिनं पदर खोचला आणि बाहेरच्या सोप्याकडं, म्हणजे ओसरीकडं, हनुवटी उडवली. "परत एकदा म्हणाय लावा."

साडू सोप्यात भिंतीला टेकून बसला होता, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. गावातली चार माणसं त्याच्याशेजारी होती आणि सासरेही. मी पिशवीतून माइक काढला. बॅटरीत अजून दम होता.